समोर असेल त्याच्या नावावर

वर्षअखेरीच्या जेवणाला आमच्या कंपनीत जो तमाशा चालतो त्याची मला पहिल्यापासून किळस आहे. एका वर्षी आमचा मॅनेजर कुओ धनाच्या देवाचा पोशाख घालून स्टेजवर आला, गालांना लाल रंग, पोटाला उशी. ‘सगळ्यांत कमी खाणारा गट’ असं एक बक्षीस त्याने जाहीर केलं आणि ते जाहिरातवाल्यांना दिलं. त्यांची जाहिरातपट्टी टॅबलेटच्या चित्रांच्या मेमरीतली किती मेमरी खाते? शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहाशे इंजिनिअर बसले होते, पण हलत्या चित्रांची पट्टी शून्य मेमरीत कशी चालते, हे एकानेही विचारलं नाही. मलाही तेलाशिवाय तळायचं एक यंत्र मिळालं, कारण ती मोजणी माझी होती. मी ते घरी नेलं आणि वापरलंही.

मी चान शू-चेन. शिंचू शहरात राहते, चौदा वर्षं एकाच कंपनीत आहे, टॅबलेटच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा असतो त्यावर काम करते. हाताखालची पोरं मला चेन-चिए म्हणतात, म्हणजे चेनताई. माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

हा गाभा काय करतो ते थोडक्यात सांगते. टॅबलेटवर चाललेलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या गटात टाकलेलं असतं. कुठला गट किती मेमरी खातो हे गाभा मोजत राहतो आणि मेमरी संपायला आली की सगळ्यांत जास्त खाणाऱ्या गटाला सरळ बंद करतो, तिथे चौकशी वगैरे नसते. साधी मेमरी मोजणं सोपं आहे. चित्रांच्या मेमरीत मात्र घोळ आहे, कारण तिथे मागणारा एक असतो आणि वापरणारा दुसराच. पडदा रंगवणारं एक काम सगळ्यांच्या वतीने मेमरी मागतं, मग ती नावावर कोणाच्या टाकायची?

तीन वर्षांपूर्वी चांद्र नववर्षाच्या आदल्या आठवड्यात आमची एक चाचणी याच प्रश्नावर अडली होती. ती सुटल्याशिवाय सुट्टी नाही, असा कुओचा हुकूम होता आणि सगळ्यांच्या खिशात गावाकडच्या गाडीची तिकिटं होती. मी वीस मिनिटांत एक ओळ लिहिली. चित्रांची मेमरी कोणी मागितली ते शोधायचंच नाही, त्या क्षणी पडद्यावर जो समोर असेल त्याच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं. वर टीप लिहिली, ‘तात्पुरतं. सुट्टीनंतर नीट करणे.’ खाली रीतीप्रमाणे सहीची ओळ घातली. आमच्या धंद्यात बदल कोणी केला आणि जबाबदार कोण, हे त्या ओळीवरून कायमचं कळतं. चाचणी पास झाली आणि मी गावी जाऊन आईच्या हातचं डुकराचं मटण खाल्लं.

सुट्टीनंतर मी खरोखरच कुओकडे गेले होते. आता हे नीट करते म्हटलं. जाहिरातपट्टी कायम तळाशी असते, ‘समोर’ कधीच नसते, म्हणून तिच्यापुढे शून्य पडत होतं. त्याने ते शून्य पाहिलं, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की चाललंय ते चालू दे. मी चालू दिलं. त्यानंतर तीन नववर्षं झाली.

या मार्चमधल्या एका बुधवारी यौ मिंग-शुन नावाचा एक तिशीचा माणूस ताइनानहून येऊन आमच्या गेटवर उभा राहिला. तो आणि त्याची बायको मिळून एक ॲप चालवतात. ज्यांना हातपाय हलवता येत नाहीत, बोलता येत नाही, ते लोक पडद्यावरच्या अक्षरांकडे बघतात, टॅबलेट त्यांची नजर टिपतो आणि वाक्य पूर्ण झालं की मोठ्याने बोलून दाखवतो. आमचे टॅबलेट बारा हॉस्पिटलांत तीनशे चाळीस खाटांना लावलेले आहेत आणि त्या सगळ्यांवर हे ॲप आहे. ते वाक्याच्या मधेच बंद पडतं, अशी यौने आम्हाला एकेचाळीस पत्रं लिहिली होती. कुओने एकाचंही उत्तर दिलं नव्हतं.

“तूच जा त्याच्याबरोबर,” कुओ मला म्हणाला. “त्याचं ॲप खादाड आहे हे त्याला आकड्यांत दाखव आणि विषय संपव.”

यौ मला म्याओलीच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे पंग आडनावाचे एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. खडीच्या खाणीवर, ट्रक तोलण्याच्या काट्यावर, तीस वर्षं नोकरी केलेले. चार वर्षांपूर्वी हाताची बोटं गेली, मग हात, मग पाय, मग जीभ. आता फक्त डोळे हलत होते. यौ त्यांना पंग बोबो म्हणायचा, थोरल्या काकांना म्हणतात तसं, म्हणून मीही तेच म्हटलं. त्यांच्या बायकोने, पंग आ-यींनी, म्हणजे पंगकाकूंनी, टॅबलेटच्या स्टँडवर खोबऱ्याच्या कुरमुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे मोठमोठ्या कारखान्यांतही ठेवतात. पाकिटावरची तारीख उलटायच्या आत त्या नवीन आणत होत्या. माझ्या टिपेची तारीख तीन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती.

आ-यींनी मला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, माझ्यावर जराही न रागावता. बोबोंचा श्वास कमी पडत चालला होता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची की नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी त्यांनाच विचारलं होतं. बोबोंनी उत्तर लिहायला घेतलं. एका वाक्याला त्यांना पंधरा-सोळा मिनिटं लागतात. ॲप बंद पडलं, लिहिलेलं गेलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की निदान हो असेल तर पापणी मिटा. बोबोंनी मिटली. शस्त्रक्रिया शुक्रवारी दुपारी दोनला ठरली होती.

“त्यांना खरंच हो म्हणायचं होतं का, ते मला कळत नाहीये,” आ-यी म्हणाल्या. “चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. त्यांचा चेहरा हलत असता ना, तर मी सांगितलं असतं.”

बोबो माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी अक्षरांकडे नजर वळवली आणि लिहू लागले. मी माझा लॅपटॉप टॅबलेटला जोडून आकडे बघत बसले. त्यांचं ॲप मेमरी खात होतं ती फार तर साठ एकक. नवव्या मिनिटाला पडद्याच्या तळाशी जाहिरातपट्टी सरकली. डोंगराच्या उतारावरचं एक देखणं अस्थिमंदिर, जिथे मेलेल्यांच्या अस्थी कप्प्यांत ठेवतात, धुकं, उडणारे बगळे आणि ‘आजच आपला कप्पा राखून ठेवा’ अशी ओळ. मरणाच्या दारातल्या माणसाच्या खाटेशी कोणीतरी हे दाखवत होतं, आणि फुकट नव्हे. बगळे उडायला लागले तसा बोबोंच्या ॲपसमोरचा आकडा साठावरून चारशे ऐंशीवर गेला. जाहिरातपट्टीसमोर शून्यच. गाभ्याने सगळ्यांत खादाड गट शोधला आणि बंद केला. अक्षरं गेली आणि कोऱ्या पडद्याखाली बगळे उडत राहिले.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि आरशात न बघता बाहेर आले.

यौने विचारलं, “चिए, आमचं काय चुकतंय?”

“तुमचं काही चुकत नाही,” मी म्हटलं. ती ओळ कोणाची ते मात्र सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊपर्यंत मी दुरुस्ती तयार केली. मेमरी कोणी मागितली, कोणासाठी मागितली, हे शेवटपर्यंत शोधून त्याच्याच गटावर टाकायचं. सुट्टीनंतर करायचं होतं तेच हे काम, एका रात्रीचं. पण आमचा टॅबलेट कंपनीचा शिक्का असल्याशिवाय कुठलाही बदल आत घेत नाही आणि तो शिक्का कुओच्या ताब्यात असतो. मी त्याच्यासमोर आकडे ठेवले. शून्याच्या जागी चारशे वीस. मेमरी कमी पडली की यापुढे जाहिरात बंद पडेल, ॲप नाही.

कुओ डबा खात होता. त्याने चिकनचं हाड तोंडातून काढलं, नीट निरखलं आणि झाकणावर ठेवलं. मग मला समजावू लागला, लहान मुलीला समजवावं तसं. हॉस्पिटलांना टॅबलेट अर्ध्या किमतीत मिळतात ते जाहिरातीमुळे. जाहिरात बंद पडली तर टॅबलेटच उठतील, मग तुझ्या त्या काकांना काय मिळणार, पुठ्ठ्यावरची अक्षरं? माझा विचार चांगला आहे, मन फार कोवळं आहे, पण धंदा कळत नाही, असं त्याचं म्हणणं. हे सगळं तो खरोखर प्रेमाने बोलत होता. मला त्याचीच जास्त किळस आली.

“चिंगली,” मी म्हटलं, मॅनेजरला आमच्याकडे असंच म्हणतात, “उद्या दोन वाजता त्या माणसाच्या गळ्याला भोक पडणार आहे. त्याला काय हवंय ते त्याला बोलता आलेलं नाही.”

मग त्याने तोडगा काढला. पंग यांच्या एकट्याच्या टॅबलेटसाठी दुरुस्त केलेलं बनवायचं, शिक्का तो आजच देईल. बदल्यात मी तपासणीचा अहवाल लिहायचा, की दोष ॲपच्या खादाडपणाचा आहे, आमच्या मोजणीचा नाही. अहवाल बारा हॉस्पिटलांना जाईल आणि सोमवारपासून यौचं ॲप बाकीच्या खाटांवरून काढलं जाईल. तक्रारही मिटली, शून्यही राहिलं.

“आणि सही तुझीच हवी,” कुओ म्हणाला. “मोजणी तुझी आहे ना. माझी सही कोण वाचतंय?”

मी आकडेमोड केली, मला तीच येते. तीनशे एकोणचाळीस खाटांना सोमवारपर्यंत वेळ होता, बोबोंना उद्या दोनपर्यंत. मी सही केली. कुओने हात पुसून मला शिक्का दिला आणि डब्यातलं राहिलेलं अंडं माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही, यात फार मोठेपणा आहे असं मला त्या वेळी वाटलं.

शुक्रवारी दहाला मी खोलीत पोचले. यौ आधीच येऊन बसला होता, घरच्या झाडाचे पेरू घेऊन. माझ्यासाठी. दुरुस्त केलेलं टॅबलेटवर चढवायला वीस मिनिटं लागली. बोबोंनी लिहायला सुरुवात केली. नवव्या मिनिटाला तळाशी पट्टी सरकली, डोंगर आला, धुकं आलं, आणि बगळे उडायच्या आत पट्टीच बंद पडली. अक्षरं जागच्या जागी राहिली. आ-यींनी तोंडावर हात धरला. यौ उठून मला कमरेतून वाकून नमस्कार करू लागला, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून वायर गुंडाळायचं नाटक केलं.

डॉक्टरीणबाई अकराला आल्या. तोवर वाक्य तयार होतं. टॅबलेट त्याच्या सपाट आवाजात म्हणाला, “नळी नको. मंगळवारी मी थकलो होतो.”

‘नळी नकोच ना?’ असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नीट विचारलं, बोबोंनी पापणी मिटली, आणि डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेच्या कागदावर रेघ मारली. आ-यी खाटेच्या कडेला बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी बोबोंचं कपाळ ओल्या रुमालाने पुसलं, रोज पुसत असाव्यात तसं. मी निघायला हवं होतं. बॅग उचललीही होती.

पण बोबो पुन्हा लिहायला लागले होते. या वेळी प्रश्न मला होता. ते का बंद पडायचं?

मला खोटं बोलता आलं असतं, आदल्याच दिवशी सहीनिशी बोलले होते. पण तीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला काय सांगणार? मी म्हटलं, “बोबो, काट्यावर ट्रक तुमचा उभा होता. माल दुसऱ्याच्या ट्रकमधला होता. वजन तुमच्या नावावर लिहिलं आणि ट्रक जास्त भरलाय म्हणून तुम्हालाच हाकलत होते.”

त्यांचे डोळे काही वेळ माझ्यावरच होते. मग अक्षरांकडे गेले. कोणी लिहिलं?

“मी,” मी म्हटलं.

यौच्या हातातला पेरू तसाच राहिला. आ-यींचा रुमालही थांबला. मला वाटलं आता ते डोळे मिटून घेतील, तेवढी एकच गोष्ट त्यांना करता येत होती. पण ते लिहीत होते. आठ मिनिटं लागली. पलीकडच्या खाटेचं?

पलीकडे पडद्याआड एक बाई होत्या, पंचेचाळीसच्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांच्या टॅबलेटवर बगळे उडतच होते. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, यौकडे न बघता. सौदा सांगितला, अहवाल सांगितला, सोमवारी काय होणार ते सांगितलं. यौने एकच विचारलं.

“चिए, आमचं ॲप खादाड आहे असं तुम्ही लिहून दिलंत?”

मी मान डोलावली.

“कालच? म्हणजे परवा आमचं काही चुकत नाही असं सांगितल्यावर?”

मी पुन्हा मान डोलावली. त्याने पेरूची पिशवी माझ्या खुर्चीवरून उचलली आणि स्वतःच्या पायाशी ठेवली. त्याने मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट राहिली होती, ती बोबोंना सांगणं भाग होतं. मी खाटेजवळ गेले. “बोबो, मी ती सही मागे घेऊ शकते. पण घेतली की शिंचूत बसल्या बसल्या कुओ हा टॅबलेट पहिल्यासारखा करून टाकेल, त्याला पाच मिनिटं पुरतात. मग तुमचं वाक्य पुन्हा मधेच जाईल. कदाचित परत कधीच पूर्ण होणार नाही. मी लढेन, पण किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे…” पुढचं मला बोलवलं नाही. ते त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

आ-यी म्हणाल्या, “त्यांना कशाला विचारता तुम्ही? केलंत तुम्ही, निस्तरायचं त्यांनी?” आवाज चढला नव्हता. एवढं खरं मला त्या आठवड्यात कोणीच बोललं नव्हतं.

बोबोंची नजर अक्षरांवर गेली. पहिलं अक्षर उमटलं, मग दुसरं. तिसऱ्यालाच मला कळलं पुढे काय आहे. यौलाही कळलं असावं, तो उठून उभा राहिला. आ-यी ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत होत्या, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मी तेवढ्यावरच हो म्हटलं असतं तर त्यांच्या डोळ्यांचे कष्ट वाचले असते. पण या माणसाचं वाक्य माझ्यामुळे आधीच पुष्कळदा तुटलं होतं. मी हात खाली सोडून उभी राहिले आणि सात मिनिटं एकेक अक्षर उमटताना पाहत राहिले.

“सही मागे घ्या,” टॅबलेट म्हणाला.

मी फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कुओला लावला. बोबो तोवर घाईने पुढचं वाक्य लिहायला लागले होते, आणि पहिलं अक्षर त्यांच्या बायकोच्या नावाचं होतं.